मोबाईल-टॅबला अँटिव्हायरस लागतो का? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

नवी पेठेत मोबाईलच्या दुकानात बसलं की गिऱ्हाईक स्क्रीनगार्ड लावायला येतं आणि जाता जाता विचारतं, "अँटिव्हायरस पण टाकून देता का?" तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न लोकांच्या तोंडचेच ठेवलेत. घाईत असाल तर लग्नपत्रिकेचा आणि त्याच्या खालचा, असे दोन प्रश्न तरी वाचून जा.

एका वाक्यात सांगा की ओ, टाकायचा का नाही?

आयफोन किंवा आयपॅड असेल तर नाही. अँड्रॉइड असेल, अॅप फक्त प्ले स्टोअरवरून घेत असाल आणि फोनला अजून अपडेट येत असतील, तर तिथेही गरज नाही. घरात एखादं माणूस येईल त्या लिंकवर बोट ठेवणारं असेल, तर त्याच्या फोनमध्ये नावाजलेल्या कंपनीचा टाकायला हरकत नाही. पण त्याच्याआधी फोनमधल्या दोन सेटिंग तपासा. पाच मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, आणि कुठल्याही अँटिव्हायरसपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. त्या सेटिंग पुढे येतील.

कॉम्प्युटरला अँटिव्हायरस लागतो, मग मोबाईलला का नको?

दोघांची बांधणीच वेगळी आहे. जुन्या विंडोज कॉम्प्युटरवर एखादा प्रोग्रॅम चालू केला की तो तुमच्या सगळ्या फायली वाचू शकायचा, बदलू शकायचा. दुकानातल्या बिलांच्या कॉम्प्युटरला एक पेनड्राइव्ह लावला आणि सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले, हा प्रकार सोलापुरात कुणी पाहिला नाही असं होणार नाही.

अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे प्रत्येक अॅपला स्वतंत्र खोली असते. वाड्यातल्या भाडेकरूसारखं समजा: आपल्या खोलीत काय हवं ते करा, शेजाऱ्याच्या खोलीची किल्ली मिळणार नाही. गेम खेळायचं अॅप तुमच्या बँकेच्या अॅपमध्ये डोकावू शकत नाही. कॅमेरा, माइक, एसएमएस, कॉन्टॅक्ट हवे असतील तर तुमच्याकडे मागावे लागतात.

आणि इथेच गंमत आहे. अँटिव्हायरस हेसुद्धा एक अॅपच. त्यालाही शेजारच्या खोलीत जाता येत नाही. अँड्रॉइडवर तो काय करू शकतो? कोणकोणती अॅप टाकलेली आहेत ते बघतो, त्यांच्या इन्स्टॉल फायली आपल्याकडच्या यादीशी ताडून पाहतो आणि काही वाईट सापडलं तर तुम्हाला सांगतो. काढून टाकायचं बटण बहुतेक वेळा तुम्हालाच दाबावं लागतं. कॉम्प्युटरवरच्या अँटिव्हायरसला असतात तेवढे अधिकार त्याला इथे मिळतच नाहीत.

म्हणजे मोबाईलला व्हायरस लागतच नाही?

लागतो, पण आपोआप पसरणारा, एका फोनवरून दुसऱ्यावर उडी मारणारा व्हायरस आज फारसा दिसत नाही. २००४ मध्ये कॅबिर नावाचा एक किडा आला होता, सिम्बियन या तेव्हाच्या सिस्टीमवर चालणाऱ्या फोनमध्ये ब्लूटूथवरून पसरायचा. ते फोन गेले, तो प्रकारही गेला.

आता जे येतं ते सोंग घेऊन येतं. लग्नपत्रिकेचं, आरटीओच्या चलनाचं, बँकेच्या केवायसीचं, पीएम किसानच्या यादीचं. तुम्ही स्वतः ते इन्स्टॉल करता आणि स्वतः त्याला परवानगी देता. मग ते एसएमएस वाचतं, ओटीपी पळवतं, बँकेच्या अॅपवर खोटा पडदा धरतं. काही नुसत्या जाहिराती दाखवून पैसे कमावतात, ती त्यातल्या त्यात सज्जन म्हणायची.

व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका आली, ती उघडली तर फोन हॅक होतो म्हणतात. खरं का?

पत्रिका फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ असेल तर निर्धास्त बघा. नावाच्या शेवटी टिंब देऊन 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, ते अॅप आहे. एपीके म्हणजे अँड्रॉइडच्या अॅपची फाइल. कुठल्याही मांडवाची, मुहूर्ताची, आहेराची माहिती द्यायला अॅप लागत नाही.

नुसती फाइल आली म्हणून काही बिघडत नाही, डाउनलोड होऊन पडली तरी नाही. पुढचा घोटाळा पायऱ्यापायऱ्यांनी होतो. तो नीट बघा, कारण प्रत्येक पायरीवर फोन तुम्हाला थांबवत असतो.

फाइलवर बोट ठेवलं की फोन म्हणतो, सुरक्षेसाठी व्हॉट्सअॅपला इथून अॅप टाकायची परवानगी नाही. खाली 'सेटिंग' असं बटण. लोक ते दाबतात, आत जाऊन खटका चालू करतात. ही पहिली पायरी. मग प्ले प्रोटेक्ट, म्हणजे प्ले स्टोअरमधला गुगलचाच अॅप तपासणारा पहारेकरी, बऱ्याचदा लाल खूण दाखवतो की हे अॅप धोक्याचं असू शकतं. तिथे बारीक अक्षरात 'तरीही इन्स्टॉल करा' असतं, तेही शोधून दाबलं जातं. (अटी वाचायला चष्मा सापडत नाही, पण हे बटण बरोबर सापडतं.) अॅप उघडलं की ते एसएमएस वाचायची आणि पाठवायची परवानगी मागतं. पत्रिकेला एसएमएस कशाला, हा प्रश्न तिथे पडायला हवा. परवानगी दिली की आयकॉन गायब. लोकांना वाटतं फाइल खराब होती, उघडली नाही. ते विसरून जातात.

मागे काय चालू असतं? येणारा प्रत्येक एसएमएस भामट्याकडे जात असतो. त्यातून तो तुमचं व्हॉट्सअॅप आपल्या फोनवर चालू करतो, कारण त्याचा कोडही एसएमएसनेच येतो. मग तीच 'पत्रिका' तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ग्रुपमध्ये जाते. म्हणूनच अशी फाइल अनोळखी नंबरवरूनच येते असं नाही, बऱ्याचदा सख्ख्या आत्याच्या नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नंबरवरून येते. 'ओळखीच्याच माणसाने पाठवली होती ओ' हे वाक्य दर वेळी ऐकायला मिळतं, आणि ते खरंही असतं.

आरटीओ चलनाचं सोंग याहून जास्त चालतं, कारण सात रस्त्याला सिग्नल तोडला होता का नव्हता हे कुणालाच नक्की आठवत नसतं. चलन बघायचं तर परिवहनच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा. चलन एपीके फाइलने येत नाही.

बोट लागलं, परवानगीही दिली. आता काय करू?

घाबरत बसू नका आणि फोन घेऊन दुकान शोधत फिरू नका. आधी एरोप्लेन मोड लावा, वायफायही बंद आहे ना बघा. फोनचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला की एसएमएस जाणं थांबतं.

मग दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बँकेच्या अधिकृत नंबरवर फोन करा, यूपीआय, नेट बँकिंग, कार्ड बंद करायला सांगा. नंबर पासबुकवर किंवा कार्डाच्या मागे असतो. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून लावू नका, तिथे वेगळेच भामटे बसलेले असतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन इथेही करता येते. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मधल्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

घाईचं आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ग्राहकाची असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल, तर कामकाजाच्या ३ दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार नाही. त्यामुळे "पोरगा संध्याकाळी पुण्याहून आला की बघू" असं करू नका. कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

आता फोन. पॉवर बटण दाबून ठेवा, 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरा, बऱ्याच फोनवर सेफ मोड येतो. त्यात बाहेरची अॅप चालत नाहीत. सेटिंगमध्ये अॅपची पूर्ण यादी उघडा आणि आज-काल टाकलेलं, बिननावाचं किंवा सरकारी नाव लावलेलं अॅप शोधून काढून टाका. 'अनइन्स्टॉल' फिकं दिसत असेल तर त्याने डिव्हाइस अॅडमिनचा अधिकार घेतलेला असतो. सेटिंगच्या शोधात 'डिव्हाइस अॅडमिन' टाका, तिथली खूण काढा, मग ते निघतं. कॉल फॉरवर्डिंग लावलेलं असू शकतं, ते सगळं रद्द करायला ##००२# डायल करा. हे करताना मात्र एरोप्लेन मोड काढावा लागेल, म्हणून अॅप काढल्यावरच करा.

खरं सांगायचं तर एवढं झाल्यावर फोटो आणि नंबर बाजूला घेऊन फॅक्टरी रीसेट मारलेला बरा. अॅपचा बॅकअप जसाच्या तसा परत चढवू नका, एकेक अॅप प्ले स्टोअरवरून नव्याने घ्या. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, आणि व्हॉट्सअॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा.

सोलापूर शहर आणि ग्रामीण पोलिसांची हद्द वेगळी आहे. जुळे सोलापूरचा माणूस शहराकडे, बार्शी-सांगोल्याचा ग्रामीणकडे. पण १९३० ला फोन करायला हद्द बघत बसायचं कारण नाही.

त्या दोन सेटिंग कोणत्या?

पहिली: सेटिंगच्या शोधात 'इन्स्टॉल अननोन अॅप्स' टाका. मराठी केलेल्या फोनमध्ये 'अज्ञात अॅप्स' असं काहीतरी येईल. व्हॉट्सअॅप, क्रोम, टेलिग्राम, फाइल मॅनेजर अशी यादी दिसेल. प्रत्येकाच्या पुढे 'परवानगी नाही' असंच हवं. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक अॅपला वेगवेगळी द्यावी लागते, म्हणजे एखाद्या ठिकाणी 'परवानगी आहे' दिसलं तर ती कुणीतरी कधीतरी दिलेली आहे.

दुसरी: 'अॅक्सेसिबिलिटी'. ही सोय अंध किंवा हाताने अपंग लोकांसाठी आहे. ही परवानगी घेतलेलं अॅप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या ऐवजी बटणं दाबू शकतं. बँकेवर डल्ला मारणाऱ्या अॅपचं हे आवडतं हत्यार. वाड्याचं उदाहरण आठवत असेल तर सगळ्या खोल्यांची किल्ली ती हीच. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या अॅपला ही परवानगी सहजासहजी मिळत नाही, तरी यादी उघडून बघा. तुम्ही स्वतः चालू न केलेलं काही दिसलं तर बंद करा.

प्ले प्रोटेक्ट म्हणजे काय? तो वेगळा टाकावा लागतो का?

नाही, प्ले स्टोअर असलेल्या फोनमध्ये तो आधीच असतो. २०१७ पासून हे नाव आहे. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपल्या खात्याच्या गोलावर बोट ठेवा, 'प्ले प्रोटेक्ट' दिसेल. स्कॅन चालू आहे ना एवढंच बघायचं. बाहेरून येणारं अनोळखी अॅप टाकतानाच तपासायची सोय गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये आणली, आणि सुरुवात भारतापासूनच केली. आपल्याकडे या एपीकेंचा किती सुळसुळाट आहे ते यावरून ओळखा.

तो सगळं पकडतो असं नाही. पण फोनवर बोलणारा माणूस "सर, अॅप टाकायला अडचण येते ना, तेवढं प्ले प्रोटेक्ट बंद करा" म्हणाला, की समोर कोण आहे याची खात्री समजा. फोन ठेवून द्या.

फुकटचे अँटिव्हायरस प्ले स्टोअरवर ढिगाने आहेत. त्यातला एखादा टाकून ठेवला तर काय बिघडतं?

बरंच. २०१९ मध्ये ऑस्ट्रियाच्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थेने अँड्रॉइडचे २५० अँटिव्हायरस तपासले. चांगल्या अॅपवर खोटा आळ न घेता निदान ३० टक्के वाईट अॅप पकडणारे निघाले फक्त ८०. उरलेल्यांत काही असे होते की त्यांच्याजवळ ओळखीच्या नावांची एक यादी होती, त्यात नसेल ते सगळं 'व्हायरस'. काही तर यादीत स्वतःचं नाव टाकायला विसरले होते, त्यामुळे स्वतःलाच व्हायरस म्हणत होते!

त्याच्याआधी २०१४ मध्ये व्हायरस शील्ड नावाचं अॅप प्ले स्टोअरवर जवळपास ४ डॉलरला विकलं जात होतं. काम एकच: बोट लावलं की ढालीवरची फुली जाऊन बरोबरची खूण यायची. बाकी आत काही नव्हतं. हजारो लोकांनी घेतलं. आणि २०२२ मध्ये शार्कबॉट हा बँकेचे पैसे काढणारा ट्रोजन, म्हणजे सोंग घेऊन शिरणारं अॅप, सापडला, तोही प्ले स्टोअरवर, अँटिव्हायरसचंच सोंग घेऊन.

'क्लीनर', 'बूस्टर', 'कूलर' असल्या नावांच्या अॅपबद्दल तर बोलायलाच नको. फोन गार करणारं अॅप ही कल्पना करणाऱ्याला हात जोडले पाहिजेत.

पैसे देऊन घ्यायचा असेल तर?

घ्या, पण कशासाठी घेतोय ते ठरवून. चांगल्या कंपन्यांच्या अॅपचा खरा फायदा वाईट अॅप पकडण्यापेक्षा खोट्या लिंक अडवण्यात आहे. बँकेसारखं दिसणारं बनावट पान उघडायच्या आत ते थांबवू शकतात. आपल्या पुण्याची क्विक हील आहे, बाहेरच्याही जुन्या कंपन्या आहेत. कॉम्प्युटरसाठी घेतलेल्या पॅकमध्ये मोबाईलचं लायसन्स अनेकदा आधीच असतं, दुसऱ्यांदा पैसे देण्याआधी तेवढं पाहा.

एक लक्षात ठेवा. लिंक तपासायची तर या अॅपना बऱ्याचदा अॅक्सेसिबिलिटीचीच परवानगी लागते. म्हणजे किल्ली द्यायची तर आहेच, कुणाला देतोय एवढाच प्रश्न. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नसेल तर देऊ नका.

दुकानदार म्हणून सांगतो, नवीन फोनसोबत 'प्रोटेक्शन पॅक' म्हणून जे बिलात चढवलं जातं त्यात अँटिव्हायरस, स्क्रीनचा विमा आणि वाढीव वॉरंटी यांची खिचडी असते. प्रत्येकाचे किती पैसे ते वेगळं लिहून मागा.

सरकारचा काही फुकट आहे का?

आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ मध्ये सुरू झालं. त्यांच्या संकेतस्थळावर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या 'एम-कवच २' या अँड्रॉइडच्या अॅपची माहिती मिळते. ज्यांना खासगी कंपनी नको त्यांनी हे पाहावं. फक्त नाव वाचून कुठल्याही लिंकवरून घेऊ नका, केंद्राच्या पानावरूनच जा.

आयफोनला खरंच काही नको?

अँटिव्हायरस नको. अॅप स्टोअरवर त्या नावाने जे मिळतं त्याला दुसरी अॅप तपासताच येत नाहीत, अॅपलची तशी परवानगीच नाही. त्यात व्हीपीएन, फोटो लपवायची तिजोरी, लिंक अडवणं असलं काहीबाही असतं. पण आयफोनवाल्यांनी छाती काढून फिरू नये. खोटी लिंक, खोटा कस्टमर केअर, ओटीपी विचारणारा फोन यांना अँड्रॉइड आणि आयफोन सारखेच. कॅलेंडरमध्ये अचानक 'तुमचा फोन हॅक झाला' अशा नोंदी दिसायला लागल्या तर व्हायरस नसतो, चुकून एखाद्या बोगस कॅलेंडरला सबस्क्राइब झालेलं असतं. ते काढलं की झालं.

पेगाससचं काय?

पेगासस म्हणजे इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं फोनमधून हेरगिरी करायचं हत्यार, ते सरकारांना विकलं जातं. २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपच्या कॉलमधून शिरलं होतं, कॉल उचलायचीही गरज नव्हती. बाजारातला अँटिव्हायरस त्याच्यापुढे काही कामाचा नाही. पत्रकार, वकील, चळवळीतले लोक असाल तर अपडेट त्याच दिवशी टाका. आयफोनवर २०२२ पासून लॉकडाउन मोड आहे, तो लावा. बाकीच्यांनी चिंता करू नये. चादरीच्या ऑर्डरी बघायला पेगासस कुणी विकत घेत नाही.

पोराच्या टॅबला तरी टाकू का?

अँड्रॉइड टॅब म्हणजे मोठा फोन, आयपॅड म्हणजे मोठा आयफोन. वर लिहिलेलं सगळं तसंच लागू. विंडोजचा टॅब असेल तर तो कॉम्प्युटरच आहे, पण त्यात मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीच असतो, तो चालू ठेवा.

पोरांचा धोका वेगळा आहे. 'फुकट कॉइन', 'अनलिमिटेड डायमंड' असा गेमचा 'मोड', म्हणजे फेरफार केलेली नक्कल, युट्यूबखालच्या लिंकवरून घ्यायचा, हा उद्योग पाचवीतली पोरंही करतात. तो एपीकेच असतो. टॅबमध्ये सिम आणि बँकेचं अॅप नसेल तर नुकसान थोडं. पण क्लाससाठी दिलेला 'टॅब' हा बऱ्याच घरांत आईचा जुना फोन असतो आणि त्यात आईचं यूपीआय तसंच राहिलेलं असतं. आधी ते काढा. मग गुगलचं फॅमिली लिंक लावा, नवीन अॅप टाकायला तुमची मंजुरी लागेल.

फोन तापतो, बॅटरी भसाभस उतरते. व्हायरसच असणार ना?

मे महिन्यात विचारत असाल तर आधी बाहेरचा पारा बघा. अॅपल स्वतः सांगतं की आयफोन, आयपॅड ० ते ३५ अंशांत वापरा. आपल्याकडे उन्हाळ्यात ४० च्या वर जातो. त्यात फोन गाडीच्या हँडलला लावून मॅप चालू, वरून चार्जिंग. तो तापणारच.

तरी शंका असेल तर सेटिंगमध्ये बॅटरीच्या वापराची यादी बघा. सर्वात वर व्हिडिओचं किंवा रीलचं अॅप असेल तर उत्तर मिळालं. कधी न उघडलेलं अनोळखी अॅप वर दिसलं तर मात्र ते काढा.

स्क्रीनवर सारखं येतं, 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस, ताबडतोब स्कॅन करा'.

जाहिरात आहे. कुठलंही संकेतस्थळ तुमच्या फोनमधले व्हायरस मोजू शकत नाही. एक मावशी फोन घेऊन आल्या होत्या, दर काही मिनिटांनी लाल त्रिकोण आणि कर्कश आवाज. सिरियलचा भाग बघायला एका पानावर गेल्या होत्या, तिथे 'मी रोबो नाही हे सिद्ध करायला परवानगी द्या' असं लिहिलं होतं, त्यांनी दिली. ती परवानगी नोटिफिकेशनची होती. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'साइट सेटिंग', त्यात 'नोटिफिकेशन', तिथे परवानगी दिलेल्या पानांची यादी. अनोळखी सगळी बंद केली. फोन शांत. याला अँटिव्हायरस लागला नाही.

अँटिव्हायरस असूनही शेजाऱ्यांचे पैसे गेले. असं कसं?

कारण त्यांना गंडवणाऱ्याने बहुधा व्हायरस वापरलाच नाही. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही खरी, कामाची अॅप आहेत. "वीजबिल अपडेट नाही, आज रात्री लाइट तोडणार" म्हणून फोन येतो, माणूस स्क्रीन बघायचं अॅप टाकायला लावतो, मग 'फक्त १० रुपये भरा' म्हणतो. तुम्ही पिन टाकता, तो बघत असतो. अँटिव्हायरसच्या लेखी यात चुकीचं काहीच घडलं नाही. महावितरण असं कुणाच्या खासगी मोबाईलवरून धमकावत नाही.

कर्जाच्या अॅपचंही तसंच. यंत्रमागाला मंदी आली, हप्ता थकला, दोन मिनिटांत पाच हजार देणारं अॅप टाकलं. त्याने कॉन्टॅक्ट आणि फोटो मागितले, आपण दिले. नंतर तेच फोटो खराब करून नातेवाइकांना पाठवायची धमकी. गुगलने २०२३ मध्ये कर्जाच्या अॅपना फोटो आणि कॉन्टॅक्ट घ्यायला बंदी केली, म्हणून आता ही अॅप बाहेरून, लिंकने येतात. कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्त कंपनीचं) नाव अॅपवर नसेल तर हात लावू नका.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीची लिंक ग्रुपवर आली आहे. उघडू का?

ग्रुपवरची नको. पत्त्याच्या शेवटी महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन असेल तेच खरं. आमच्या पूर्व भागात विडी कामगार अक्का एकाच फोनवर चार घरांची केवायसी करतात, त्यामुळे एका चुकीच्या लिंकने चौघींचा आधार आणि ओटीपी जाऊ शकतो. बँकांसाठीही आता सोपी खूण आहे: रिझर्व्ह बँकेने बँकांना पत्त्याच्या शेवटी 'बँक डॉट इन' घ्यायला लावलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी पी, एस, टी किंवा जी असं अक्षर असतं: जाहिरात, सेवा, व्यवहार, सरकार. 'सरकारी' म्हणवणारा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला तर ओळखा.

एसटी स्टँडवर चार्जिंगला लावला तर डेटा चोरतात का?

रिझर्व्ह बँकेच्या जागृतीच्या पुस्तिकेतही याचा उल्लेख आहे. पण आजचा फोन लॉक असेल तर नुसत्या केबलने डेटा देत नाही, विचारतो. 'फक्त चार्जिंग' निवडा. स्वतःचा चार्जर बोर्डात लावला तर तोही प्रश्न नाही. स्टँडवर डेटापेक्षा अख्खा फोन जायची भीती जास्त.

तसंच झालं, गड्ड्याच्या यात्रेत फोन गेला. आता?

सिम बंद करून घ्या, बँकेला कळवा, पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत जोडून संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, लागतो. तो खोक्यावर आणि बिलावर असतो, किंवा फोन हातात असतानाच *#०६# डायल करून लिहून ठेवता येतो. हे वाचता वाचता करून टाका.

फोन जुना आहे, अपडेट येणं बंद झालं. मग तरी अँटिव्हायरस टाकू ना?

सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' उघडून सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर सिस्टीमला पडलेली भोकं तशीच आहेत आणि अँटिव्हायरस ती बुजवू शकत नाही. असा फोन गाणी, रील, फोनकॉलसाठी ठेवा. यूपीआय आणि बँक दुसऱ्यावर न्या. नवीन घेताना रॅम किती हे सगळे विचारतात, अपडेट किती वर्षं हे कुणी विचारत नाही. पिक्सेल ८ आणि गॅलक्सी एस२४ पासून ७ वर्षांचं वचन आहे. स्वस्त फोनमध्ये यापेक्षा बरंच कमी मिळतं, खोक्यावर नसेल तर कंपनीच्या पानावर बघा.

दुरुस्तीला फोन दिला की दुकानदारच डेटा काढतो असं ऐकलं. तुमच्यावर तरी कसा विश्वास ठेवायचा?

ठेवू नका! नुसता डिस्प्ले किंवा बॅटरी बदलायची असेल तर पासवर्ड सांगायची गरज पडत नाही. टच तपासायला हवा असेल तर सॅमसंगमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' आहे. तो लावला की कारागिराला रिकामा फोन दिसतो, तुमचे फोटो आणि अॅप दिसत नाहीत. बाकी फोनमध्ये सिम आणि मेमरी कार्ड काढून द्या, समोर बसून काम करून घ्या. पासवर्ड कागदावर लिहून फोनला चिकटवून देणारी गिऱ्हाइकं अजून येतात. त्यांना मी कागद फाडून परत देतो.